ऑइलचा लाल दिवा आणि टर्बो
लाल दिवा लागल्यावरही घाटातून तीस किमी गाडी आणलीत म्हणताय, तर आता नुसतं टॉपअप करून स्टार्टर मारू नका. तो दिवा बहुतेक गाड्यांत लेव्हलचा नसतो हो, प्रेशरचा असतो, आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे फिरतो तो तेलाच्या पातळ थरावरच. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढून उन्हात बघा, फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडा, चमचम दिसली की बेअरिंगचा चुरा समजा. मग टर्बोला हवा आणणारा इनटेक पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवा, आडवा किंचित हलला तर चालतं पण मागेपुढे जाणवला किंवा पंखा हाउसिंगला घासल्याची खूण असली तर टर्बो गेला. माझ्या गाडीला मेकॅनिक काही नाही झालं म्हणाला होता, आठवड्यात निळा धूर, म्हणजे तेल जळायला लागलं. तुमच्या इंजिनच्या खालून टकटक येतेय का?