निधी मिळतोय, पण काम बदलायला सांगतायत. घ्यावा का?

वहीतल्या_नोंदी

नमस्कार. आम्ही अकरा जण आहोत, सतरा ते तेवीस वयाचे. गेले तीन उन्हाळे पत्र्याच्या छपराच्या चाळीस घरांत दुपारी दोनला आणि रात्री दहाला आतलं तापमान मोजतोय. रात्रीचा आकडा आमच्यासाठी जास्त महत्त्वाचा. पत्रा दिवसभर तापतो, घर रात्री निवत नाही, आणि पहाटे उठून कामावर जाणाऱ्या बाईच्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. सात वह्या भरल्यात. खर्च आजवर आपसांत वाटून घेतला.

आता एका संस्थेनं वर्षभराचा निधी देऊ केलाय, सोबत मार्गदर्शकही. पण त्यासाठी नोंदणी हवी आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब हवेत. पैसे फक्त रोपं, फलक आणि जनजागृतीच्या कार्यक्रमांना वापरायचे. प्रवास, फोन, मानधन यांतलं काहीच नाही. मार्गदर्शक महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर सादरीकरण शिकवणार. झाडांना विरोध नाही, पण या वर्षी लावलेलं रोप या घरांवर सावली धरायला किती वर्षं लागतील?

गटातली एक मुलगी मागच्या महिन्यात नोकरी धरून गेली, कारण संध्याकाळी नोंदी घ्यायला येणं तिला परवडेना. निम्मे जण म्हणतात, मिळतंय ते घेऊ. हिशेब मी बघते, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघतायत. काय करावं?

जुनी_खतावणी

नऊ वर्षं मी एका छोट्या निधीच्या निवड समितीवर अर्ज वाचत होते. त्याआधी बरीच वर्षं पैसे मागणाऱ्यांच्या बाजूला होते. म्हणून सांगते, नकार देण्याआधी अटी बदलून मागा. समोरच्या माणसाला बऱ्याचदा थोडी मोकळीक असते, पण कुणी मागतच नाही. एका पानाचं पत्र लिहा. वह्यांत काय सापडलं आणि येत्या उन्हाळ्यात काय करायचंय ते सांगा. मग खर्च मांडा, आणि मानधन पहिल्या ओळीत. जी मुलगी निघून गेली तिचं नाव न घेता तो प्रसंग लिहा. त्या एका प्रसंगातून मानधन का हवं ते कळतं.

नोंदणी नसेल तर एखादी नोंदणीकृत संस्था यजमान म्हणून घेता येते. पैसे तिच्या खात्यात येतात, काम तुम्ही करता. मात्र सगळं लेखी हवं: ती किती टक्के कापणार (पाच ते पंधरा टक्के सर्रास कापतात), रक्कम आल्यावर किती दिवसांत तुमच्या हाती देणार, आणि उद्या पटलं नाही तर थर्मामीटर आणि वह्या कुणाच्या. शेवटचं कलम लोक विसरतात आणि नंतर रडतात.

एका वर्षाची मुदत मला खटकते. २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या सत्तावीस कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वनुआटू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटदेशाच्या सरकारनं तो मुद्दा उचलला, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाचं मत आलं. सहा वर्षं! २०२० मध्ये कुणी 'किती लाभार्थी?' असं विचारलं असतं तर त्या मुलांनी काय दाखवलं असतं? निदान दोन वर्षांचं आश्वासन मागाच. स्थानिक नेतृत्वाखालील अनुकूलनाची (म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचं काम स्थानिक लोकांनीच ठरवावं, याची) आठ तत्त्वं २०२१ मध्ये मांडली गेली, त्यांत दीर्घकाळ टिकणारा आणि सहज मिळणारा निधी हे एक आहे. तुमच्या दात्यानं ती मान्य केलीत का बघा, केली असतील तर पत्रात आठवण करून द्या.

दुसरे मार्गही आहेत. फ्रिडा हा २०१० पासूनचा तरुण स्त्रीवादी निधी. तिथे अर्जदार गटच एकमेकांचे अर्ज वाचून मतं देतात. १९९३ पासूनचा ग्लोबल ग्रीनग्रँट्स फंड पर्यावरणाच्या कामांना पैसे देतो, पण थेट अर्जांवर चालत नाही, कुणाला द्यायचे ते त्या त्या भागातले सल्लागार गट सुचवतात. म्हणजे आपल्या कामाची ओळख आधी पोचायला हवी. तुमच्या वह्यांचा चार पानी सारांश त्यासाठीही उपयोगी पडेल.

पानगळ

मार्गदर्शकाबद्दल अनुभव सांगतो. आमच्या पहिल्या मार्गदर्शकांनी आमच्या नोंदी आणि एका घराचा फोटो स्वतःच्या सादरीकरणात वापरला. आम्हाला कळलं ते त्या घरातल्या मावशींनी विचारल्यावर. त्यांच्यासमोर मान वर करता येईना. अजूनही त्यांच्या दारावरून जाताना पाय जड होतात.

दुसऱ्या बाई मिळाल्या त्यांनी चार रविवार आमच्यासोबत जमिनीवर बसून पावत्यांचा डबा उपसला, तारखेवार लावायला शिकवलं. अधिकाऱ्यांच्या बैठकीला आल्या तेव्हा मागच्या रांगेत बसल्या आणि आम्ही अडखळलो तरी मध्ये बोलल्या नाहीत. असा माणूस मागून घ्या. सादरीकरण नंतरही शिकता येतं.

उंबरठा

दोनच गोष्टी. पैसा परदेशातून येणार असेल तर यजमान संस्थेला तो घ्यायची परवानगी आहे का, हे सही करण्याआधी तपासा. आणि अठराच्या आतल्या मुलांच्या सह्या, फोटो, रात्री दहाला एकट्यानं घरोघर जाणं, यांचे नियम आत्ताच लिहून ठेवा.

वहीतल्या_नोंदी

ताई, पत्र पाठवलं. प्रवास आणि फोनला होकार आलाय, रोपांची सक्ती काढली. मानधनावर अजून बोलणं चालू आहे, दोन वर्षांना मात्र स्पष्ट नकार. यजमान संस्था सात टक्के घेईल. थर्मामीटर आणि वह्या आमच्याच राहतील, ते कलम मी स्वतः लिहिलं. पानगळ, तुमचं वाचून आम्ही चाळीसही घरी जाऊन फोटोंबद्दल पुन्हा विचारलं. सहा घरांनी नको म्हटलं, ते फोटो काढून टाकले. रात्री आता दोघादोघांनी जातो.

मानधन मंजूर झालं तर सगळ्यांना सारखं द्यावं का? रात्रीच्या फेरीला जाणाऱ्यांना जास्त द्यावं असं मला वाटतं.

जुनी_खतावणी

रात्रीच्या फेरीला जास्त द्या. पण ठरवताना अकराही जण समोर बसलेले हवेत, आणि जी निघून गेली तिलाही बोलवा.