जुन्या पेट्रोल गाडीचे मायलेज घटले: तपासणी कोठून सुरू करावी?

प्रश्न: माझी सोळा वर्षे जुनी पेट्रोल गाडी पूर्वी लिटरमागे १४ किलोमीटर धावत असे, आता ती जेमतेम १० देते. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग नुकतेच बदलले, टायरमधील हवाही योग्य आहे. इंजिन तापायला मात्र हल्ली फार वेळ लागतो. पुढे काय तपासावे?

उत्तर १: आपण शेवटी सांगितलेले लक्षणच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. थर्मोस्टॅट (कूलंटचा रेडिएटरकडे जाणारा प्रवाह तापमानानुसार उघडणारी-बंद करणारी झडप) उघड्या स्थितीत अडकला असेल, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, सतत रेडिएटरमधून फिरत राहते, इंजिन ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत लवकर पोहोचत नाही आणि ते अजून थंडच आहे असे समजून ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) जादा पेट्रोल सोडत राहतो. कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा देत असला, तरी परिणाम हाच होतो.

उत्तर २: सहमत आहे, परंतु धुरातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरही पाहावा. हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखताना ईसीयू त्याच्यावरच विसंबतो, आणि जुना झालेला सेन्सर इंजिनाचा दिवा न पेटवताही सुस्तावू शकतो. (एअर फिल्टर बदलल्याने मायलेज वाढते, ही समजूत बहुतांशी कार्ब्युरेटरच्या काळातली आहे.)

उत्तर ३: थोडे अंतर चालवून झाल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले जाणवल्यास तेथील ब्रेक चिकटत असण्याची शक्यता असते, आणि त्यानेही मायलेज घटते. हात मात्र जवळ नेऊनच अंदाज घ्यावा, डिस्कला लावू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. प्रथम थर्मोस्टॅट बदलतो आणि टाकी दोनदा काठोकाठ भरून मायलेज पुन्हा मोजतो.