टक-टक करणारी डिस्क कोणाच्या हाती द्यावी?

आपल्या बाह्य हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असून जवळच्या दुकानदाराने ‘उघडून बघतो’ असे सांगितले आहे, हे वाचून राहवले नाही. कृपया ती उघडू देऊ नका आणि स्वतःही पुन्हा संगणकाला जोडून पाहू नका. असा आवाज बहुधा हेड, म्हणजे डिस्कमधील फिरत्या तबकडीवरची माहिती वाचणारा-लिहिणारा भाग, निकामी झाल्याचे लक्षण असतो. हेड तबकडीच्या अवघे काही नॅनोमीटर वर तरंगते, त्यामुळे बिघडलेले हेड किंवा धुळीचा कण मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीचा चुंबकीय थर खरवडू शकतो, आणि खरवडलेल्या भागातील माहिती कोणालाही परत आणता येत नाही.

सेवा निवडताना मी प्रथम हे विचारीन, की डिस्क धूळविरहित कक्षात उघडली जाते का, सुटे भाग घेण्यासाठी त्याच मॉडेलची दुसरी डिस्क मिळवण्याची सोय आहे का, आणि आधी संपूर्ण प्रत घेऊन पुढचे काम त्या प्रतीवरच केले जाते का. केवळ सर्किट बोर्ड बदलून देतो म्हणणाऱ्याला रॉम चिपविषयी अवश्य विचारा, कारण आधुनिक डिस्कची स्वतःची जुळणीची माहिती बहुधा बोर्डवरील या चिपमध्ये असते आणि ती माहिती नव्या बोर्डवर न हलवता तो सहसा चालत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जो सल्ला फिरतो, तोही टाळा; आत दव साचते.

तपासणीचे शुल्क, अपयश आल्यास द्यायची रक्कम आणि गोपनीयतेची हमी लेखी घ्या, आणि मिळालेल्या फाइलींची यादी पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.