मार्था की मरीया? सेवेच्या धावपळीत प्रार्थना राहूनच जाते

वसईची_लेक:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये आजारी माणसांना भेटायला जाणारा ग्रुप आहे, मी त्यात आहे. रविवारी मिस्सा झाली की चार-पाच घरं असतात, एका आजींना आंघोळ घालायची, कुणाची औषधं आणून द्यायची, आणि आठवडाभर विरार लोकल आणि ऑफिस आहेच. आधी सकाळी अर्धा तास बायबल घेऊन गप्प बसायचे, ते सहा महिने झाले पार बंद पडलंय. आणि आता खरं सांगते, मागच्या रविवारी मी त्या आजींवर ओरडले. साबण डोळ्यात गेला म्हणाल्या, एवढंच. घरी येऊन रडले. लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली असते आणि तिची बहीण मार्था कामात बुडालेली, तेव्हा प्रभू मार्थेला बोलतो ना, ते मलाच बोलतोय असं वाटतंय. सेवा कमी करू का? पण मग त्या घरांत कोण जाणार?

नगरी_माणूस:
ताई, तो उतारा नीट वाचा. प्रभू "स्वयंपाक सोड" कुठे म्हणतो? "काळजी व दगदग" करतेस म्हणतो. आणि त्याच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, म्हणजे रस्त्यावर पडलेल्याला उचलणारा माणूस. लूकने दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलंय, उगाच नाही. आमच्याकडे प्रोटेस्टंट मंडळीत पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतात. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या, त्यांचं जेवणखाण, शाळा, शेती, छापखाना, आणि तीच बाई पहाटे प्रार्थनेला बसायची, वर हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९०५ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली तीसुद्धा मुलींच्या प्रार्थनागटांतूनच.

शांत_किनारा:
रमाबाई मोठ्या होत्या हो, पण रमाबाईंना सकाळची लोकल पकडायची नव्हती 😄 नोकरी, घर, सासू सांभाळणाऱ्या बाईला "पहाटे उठा" सांगणं फार सोपं असतं, आणि सांगणारे बहुतेक पुरुष असतात (नगरीदादा, तुम्हाला नाही म्हणत). आविलाची संत तेरेजा मठातल्या सिस्टरांना सांगायची की स्वयंपाकघरात भांड्याकुंड्यांतही प्रभू फिरतो. त्या बाईने स्वतः स्पेनभर खेचरांच्या गाड्यांतून हिंडून मठ काढले, तिला कामाचा त्रास माहीत होता. आजींच्या अंगाला साबण लावताना मनात येशूचं नाव घेतलं तर ती प्रार्थना नाही का?

जुना_कोळी:
आहे, पण ताई, तेवढ्यावर भागत नाही. मीही दहा वर्षं "काम हीच प्रार्थना" म्हणत होतो आणि शेवटी नुसतं कामच उरलं. मार्क १:३५ बघ. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दारात, आजाऱ्यांची रांग, आणि पहाटे अंधारातच प्रभू एकटा रानात. शिष्य शोधत येतात, सगळे तुला शोधतायत म्हणून, तर हा म्हणतो चला दुसऱ्या गावांत. लगेच परत गेला नाही तिकडे! म्हणजे शांत बसल्यावर त्याला नाही म्हणता आलं. मदर तेरेसांच्या सिस्टरांनी १९७३ साली, कामाचा एवढा डोंगर असताना, रोजचा आराधनेचा तास सुरू केला. तुला एक तास जमणार नाही, मलाही जमत नाही. मी एका जेझुईट फादरांकडून एक्झामेन शिकलो, रात्री दहा मिनिटं, दिवस परत बघायचा, प्रभू कुठे भेटला, मी कुठे चुकलो. आणि एक घर दुसऱ्या कुणाला दे, चार घरं तूच का करतेस?

वसईची_लेक:
एक घर देण्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, कारण मीच केलं पाहिजे असं मीच ठरवून टाकलेलं. आज ग्रुपवर विचारलं तर दोन जणी लगेच तयार झाल्या, इतके दिवस कुणी विचारलंच नाही म्हणे. आजींचं घर मात्र मी सोडत नाही, आधी माफी मागायचीय. काल रात्री एक्झामेन करायला बसले आणि चौथ्या मिनिटाला झोपले 🙈

जुना_कोळी:
चालतंय, मी दुसऱ्याच मिनिटाला झोपायचो.