पुणं सोडून यावलला आलो, पण दोघांना बोलायला वेळच नाही

लग्नाला 2 वर्षं झाली. जूनमध्ये यांनी टेस्टिंगची नोकरी सोडली आणि मृगबागेत (जून-जुलैची लागवड) ग्रँड नैन जातीच्या केळीची 3,000 रोपं लावली. घड हाती यायला 11-12 महिने. तोवर घर माझ्या घरून चालणाऱ्या अकाउंटच्या कामावर. पैशाचं निभतंय. पण शेताला रात्रीची लाईट असली की हे ठिबक सुरू करायला शेतात, हे झोपतात तेव्हा मी कॉलवर. सासूबाई मायाळू आहेत, तरी त्यांच्यासमोर हा विषय कसा काढू?

चोपड्याची सून: ताई, आमचंही पहिलं वर्ष असंच गेलं. मी सकाळी डबा घेऊन शेतात जायचे, कळण्याची भाकरी नि ठेचा. घरात जे निघत नाही ते बांधावर निघतं.

केळीवाला, रावेर: मोटारीला ऑटो स्टार्टर बसवा, लाईट आली की आपोआप सुरू होते. दादांची रोजची झोपमोड थांबेल. आणि जोडउत्पन्नासाठी बागेत काकडी-टरबूज अजिबात नको, केळीवर मोझॅक रोग पसरतो.

मूळ प्रश्न विचारणारी: ऑटोचं यांना आजच सांगते. काल डबा नेला होता. तासभर बसलो. नोकरी सोडल्याची धाकधूक यांनाही होती, मला कधी बोललेच नव्हते.