पुण्यात राहून बंगळुरूत भाड्याने देण्यासाठी फ्लॅट विकत घ्यायचाय, काय तपासू?

कोथरूडकर
व्हाइटफील्डजवळ १,१५० चौरस फुटांचा रीसेल टू बीएचके ९० लाखांना मिळतोय. एजंट म्हणतो, ३२,००० भाडं सहज येईल. तिथे ओळखीचं कोणी नाही, जुने कागद कन्नडमध्ये आहेत. टोकन देण्याआधी काय बघावं?

दस्तवाचक
आधी खाता बघा, म्हणजे महापालिकेच्या दप्तरातली मिळकतीची नोंद. बी-खाता म्हणजे महापालिकेने कर घेण्यापुरती ठेवलेली नोंद. मंजुरीत कुठेतरी खोट असते. बऱ्याच बँका त्यावर कर्ज देत नाहीत, त्यामुळे उद्या तुम्ही विकायला काढलात की गिऱ्हाईक मिळणं अवघड. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे ई-खात्याशिवाय (खात्याची ऑनलाइन नोंद) खरेदीखत नोंदवत नाहीत. विकणाऱ्याच्या नावाचा ई-खाता हातात पडल्याशिवाय टोकन देऊच नका.

मग ईसी, म्हणजे बोजा दाखला, ३० वर्षांचा. कावेरी पोर्टलवर (कर्नाटकच्या नोंदणी खात्याची वेबसाइट) साधारण २००४ नंतरचं सापडतं, त्याआधीचं सब-रजिस्ट्रारकडून काढावं लागतं. ईसीत फक्त नोंदवलेले व्यवहार दिसतात, कोर्टातला दावा दिसत नाही. म्हणून वकील तिथलाच हवा, पण एजंटने सुचवलेला नको. त्याच्याकडून कन्नड खरेदीखतातली चतुःसीमा (चारही बाजूंना काय आहे ते) आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा शब्दन् शब्द समजून घ्या. इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, हेही त्यालाच बघायला सांगा.

हिशेबी
३२,००० गुणिले बारा, ३,८४,०००. वर्षात एक महिना घर रिकामं धरा, उरले ३,५२,०००. देखभाल एजन्सीचे ८ टक्के धरले तर २८,००० गेले. घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्ती २४,०००. हातात तीन लाख. मुद्रांक शुल्क, उपकर आणि नोंदणी फी (ऑगस्ट २०२५ अखेर ती १ वरून २ टक्के झाली) मिळून साधारण साडेसात टक्के, म्हणजे घर पडलं ९७ लाखांना. परतावा जेमतेम ३ टक्के! ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढलंत तर पहिल्या वर्षाचं व्याजच पाच लाखांच्या वर जातं, आणि नव्या करप्रणालीत ही तूट पगारातून वजा होत नाही.

विकणारा एनआरआय आहे का, हे आधीच विचारा. निवासी असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. एनआरआय असेल तर दर कितीतरी जास्त असतो. कमी कापलात तर नोटीस तुम्हाला येते.

टाकीवाला
पाण्याचं कोणी बोललं नाही. सोसायटीकडून मार्च-एप्रिलची मेंटेनन्स बिलं मागवा आणि टँकरची रक्कम वेगळी बघा. कावेरी नदीच्या पाण्याचं सरकारी कनेक्शन आहे की नुसत्या बोअरवर चाललंय? २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे कित्येक बोअर आटले होते.

बाथरूमची गळती खालच्या फ्लॅटच्या छतावर उतरली की फोन मालकाला येतो. भाडेकरू गावाला गेला असेल तर दार कोण उघडणार? किल्ली कोणाकडे राहील आणि न विचारता किती रुपयांपर्यंत काम करून घ्यायचं, हे एजन्सीच्या करारातच लिहून घ्या. घर देताना प्रत्येक नळ, गीझर आणि भिंतींचा तारखेसह व्हिडिओ काढा. तिथे डिपॉझिट मोठं असतं, दहा महिन्यांपर्यंतही. ते खर्चू नका, एफडीत ठेवा. रंगकामाचे किती कापणार, हे आकड्यात लिहा.

कोथरूडकर
एजंट कुलमुखत्यारपत्र मागतोय. द्यावं का?

दस्तवाचक
नाही. फक्त भाडेकरार, पोलीस पडताळणी आणि सोसायटीची कामं एवढ्यापुरतं मर्यादित मुखत्यारपत्र द्या. विक्री, गहाण आणि भाडं स्वीकारण्याचा अधिकार त्यात नको. भाडं थेट तुमच्या बँक खात्यात येऊ द्या.