इजिप्शियन लोक ‘काळे की गोरे’? मुलांना कसं समजावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नववीला इजिप्त शिकवताना प्राचीन इजिप्तचा राजपुत्र राहोतेप आणि त्याची बायको नोफ्रेत यांच्या पुतळ्यांचा फोटो दाखवला. तो तांबूस तपकिरी, ओठांवर मिशीची बारीक रेघ. शेजारी ती फिकट पिवळी. लगेच प्रश्न आला, "बाई, हे काळे होते की गोरे?" पुरुष-स्त्रियांना असं रंगवायचा तिथला संकेतच होता, हे सांगितलं. पण इजिप्तचा राजा पहिला सेती याच्या थडग्यात इजिप्शियन, नूबियन (इजिप्तच्या दक्षिणेकडचे), लिबियन, आशियाई वेगवेगळे रंगवलेत. पुढे २५व्या घराण्यात कुशचे (नूबियातल्या राज्याचे) राजेच फेरो, म्हणजे इजिप्तचे सम्राट, झाले! २०१७च्या डीएनए अभ्यासातल्या ममी तर अबुसिर अल-मेलेक या इजिप्तमधल्या एकाच ठिकाणच्या, त्यावरून सगळ्या इजिप्तबद्दल कसं बोलणार? आजचे वंशाचे कप्पे त्यांना लावूच नयेत, असं मला मनापासून वाटतं. पण इजिप्तचं आफ्रिकेशी असलेलं नातं नाकारल्यासारखंही व्हायला नको. कुणी हे वर्गात शिकवलंय का? सुरुवात कुठून केलीत?